अर्धच्छेदाचे वीरसेन

पन्नाशीत मी इथे कारंज्यात कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. एके दिवशी पायथॉनमध्ये ६४ चा लॉग काढायचा होता. सगळ्या पोरींचं उत्तर सहा, माझं ४.१५८८! 'लॉग टू'ऐवजी मी नुसतंच 'लॉग' लिहिलं होतं. हशा झाला. पण खरं दुखणं निराळंच. लॉग म्हणजे काय, हेच मला कधी कळलं नव्हतं. शाळेत नुसते पुस्तिकेतले आकडे उतरवले होते.

संध्याकाळी शेजारच्या जैन काकूंजवळ गाऱ्हाणं मांडलं, तर त्यांनी वीरसेनाचार्यांचं नाव काढलं.

वीरसेन हे साधारण १,२०० वर्षांपूर्वीचे दिगंबर मुनी. परंपरा सांगते, की चित्रकूटपुरात ते एलाचार्यांपाशी शिकले. पुढे षट्खंडागम या प्राचीन ग्रंथावर त्यांनी ७२,००० श्लोकांएवढी धवला टीका लिहिली. विश्व केवढं, जीव किती, असे अफाट हिशेब करताना त्यांनी अर्धच्छेद वापरला. एखादी संख्या किती वेळा निम्मी केली की एकावर येते, तेवढे तिचे अर्धच्छेद. ६४ चे ३२, मग १६, ८, ४, २, १. झाले सहा! हाच आपला 'लॉग टू'. तीनाने भागत गेलं तर त्रिकच्छेद, चाराने भागलं तर चतुर्थच्छेद. कशाने भागायचं, ते त्यांनी नावातच सांगून ठेवलं. मी ते सांगितलंच नाही, म्हणून पायथॉनने आपला नेहमीचा २.७१८ हा पाया धरला.

नंतर वीरसेनांनी जयधवला हाती घेतली, पण २०,००० श्लोकांवर आयुष्य संपलं. शिष्य जिनसेनांनी आणखी ४०,००० श्लोक लिहून ८३७ मध्ये गुरूंचं काम पुरं केलं. धवलेची ताडपत्रं शतकानुशतकं कर्नाटकात मूडबिद्रीला कुलपात होती. १९३९ पासून ती छापून निघाली, तीही आपल्या अमरावतीहून! संपादक हिरालाल जैन. आमच्या कारंज्याच्या ग्रंथभांडारातली हस्तलिखितंही त्यांनीच अभ्यासली होती. इतकी वर्षं मी त्या मंदिरावरून भाजी आणायला जातेय, पण कधी ठाऊक नव्हतं बाई.

दुसऱ्या दिवशी मी लॉग न वापरता, संख्या निम्मी-निम्मी करत मोजणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. उत्तर सहाच आलं. या वेळी ते का आलं, हेही मला सांगता येत होतं.