कैद्याचे अन्न आणि रयतेची मिळकत

गरिबीची रेषा उष्मांकांच्या आधारे मोजण्याची पद्धत आपल्याकडे अनेक वर्षे होती. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यातील माणसासाठी २,४०० व शहरातील माणसासाठी २,१०० उष्मांक धरले. त्याआधी शंभर वर्षे, जगण्यापुरते अन्न म्हणजे किती, हा प्रश्न दादाभाई नौरोजींनी सरकारपुढे आकड्यांनिशी मांडला होता.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा, गरीब पारशी पुरोहिताच्या घरातला. चौथ्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले. आई माणेकबाईंनी वाढवले. शिक्षण झाले ते फी नव्हती म्हणून. एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक, १८५५ मध्ये व्यापारासाठी लंडनला प्रयाण, १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रवेश, तीनदा काँग्रेसचे अध्यक्षपद. हा आलेख परिचित आहे. त्यांच्यातला गणिती मात्र आपण विसरतो.

१८७६ मध्ये मुंबईत त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंध वाचला. आकडे सारे सरकारी अहवालांतले. अधिकारी निरनिराळ्या जिल्ह्यांच्या सरासऱ्या बेरजेला घेऊन जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कोणत्या जिल्ह्यात किती जमीन पिकाखाली आहे, हे पाहातच नसत. दादाभाईंनी ही चूक दाखवली आणि नव्याने हिशेब मांडला. ३४ कोटी पौंडांचे उत्पन्न, १७ कोटी लोक. म्हणजे माणशी वर्षाला २० रुपये.

पण २० रुपयांत भागते की नाही, हे ठरवायचे कसे? त्यांनी तुरुंगांचे अहवाल उघडले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार सरासरी ३४ रुपये खर्च करीत होते. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांसाठी सरकारी डॉक्टरने बोटीवरचा शिधा ठरवला होता, तोही त्यांनी आधाराला घेतला: तांदूळ वा पीठ, डाळ, थोडे मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. हा शिधा निवांत बसून राहणाऱ्या प्रवाशाचा होता, शेतात राबणाऱ्याचा नव्हे. शिवाय त्यात सणवार, लग्नकार्य, दुष्काळी वर्षाची बेगमी, काहीच धरलेले नव्हते. दुष्काळात माणसे पावसाअभावी नव्हे, गाठीला काही नसल्याने मरतात, हे त्यांचे म्हणणे या तुलनेवर उभे होते.

इंडिया ऑफिसने आकडे खोडण्याचा प्रयत्न केला. दादाभाईंनी पंजाबच्या एकेका पिकाचा हिशेब मांडून उत्तर दिले. १८८२ मध्ये सरकारच्याच बेअरिंग आणि बार्बर यांनी केलेला अंदाज २७ रुपयांवर थांबला. १९०१ मध्ये कर्झन ३० रुपयांपर्यंत आले. त्याच वर्षी दादाभाईंचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला; तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.