अल्बम पाच हजारसुद्धा खपला नाही, गायक गेल्यावर २५ वर्षांनी गाडीच्या एका जाहिरातीनं चक्रं फिरली

साल १९९९. अमेरिकेतल्या टीव्हीवर फोक्सवॅगनची एक जाहिरात लागायची.

रात्रीची वेळ. छप्पर उघडलेली गाडी. आत चार तरुण पोरं-पोरी, डोक्यावर चांदणं. कुणी काही बोलत नाही. गाडी एका पार्टीच्या ठिकाणी पोहोचते, आतून गोंगाट ऐकू येतो. चौघं एकमेकांकडे बघतात आणि गाडी पुन्हा रस्त्याला लावतात. असल्या रात्री पार्टीत कोण जाणार?

मागे एक गाणं वाजत असतं. एक गिटार आणि एक दबका आवाज, बास.

लोकांनी गाडी किती घेतली ते सोडा, पण हा गाणारा कोण, हे शोधायला सगळे धावले. शोधल्यावर कळलं की त्याचं नाव निक ड्रेक. इंग्लंडचा. आणि त्याला जाऊन तेव्हा २५ वर्षं झाली होती. तो हयात असताना त्याचा एकही अल्बम पाच हजारांच्या वर खपला नव्हता.

आज निक ड्रेक म्हटलं की लोकांना आठवतो तो उदास चेहरा आणि अकाली मृत्यू. पण त्याच्या तीन अल्बमपैकी मधला एक अल्बम आहे, ज्यात ऊन आहे, प्रेम आहे, स्वतःवर केलेली चेष्टासुद्धा आहे. तोच अल्बम सगळ्यात जास्त आशेनं बनवला गेला आणि तोच पडला.

त्या अल्बमची आणि तो बनवणाऱ्या पोराची ही गोष्ट.

सुरुवात रंगूनमधून

निकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनचा. म्हणजे तेव्हाच्या बर्माचा.

इंग्रज कुटुंब तिथं काय करत होतं? तर निकचे वडील रॉडनी ड्रेक इंजिनिअर होते आणि बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये नोकरीला होते. नाव ओळखीचं वाटलं असेल. १८६३ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी बर्माच्या जंगलातलं सागवान विकायची. आज ती वाडिया ग्रुपकडे आहे, म्हणजे बॉम्बे डाइंग आणि ब्रिटानियावाल्यांकडे.

आई मॉली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये जपाननं बर्मा घेतला, तेव्हा मॉली आणि तिची बहीण भारतात आल्या. दिल्लीत ऑल इंडिया रेडिओवर या दोघी बहिणी गायच्या. निकची थोरली बहीण गॅब्रिएल तर लाहोरला जन्मली. पुढं ती इंग्लंडमध्ये नावाजलेली अभिनेत्री झाली.

निक लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला परतलं आणि बर्मिंगहॅमजवळच्या टॅनवर्थ-इन-आर्डन नावाच्या गावात स्थायिक झालं. घरात पियानो होता. मॉली स्वतः गाणी लिहायच्या, चाली लावायच्या आणि दिवाणखान्यात बसून गायच्या. रॉडनी ती टेप रेकॉर्डरवर उतरवून घ्यायचे. बाहेर कुणाला ऐकवायची म्हणून नाही, घरातल्या घरात.

निकच्या कानावर पहिलं गाणं पडलं ते असं.

पळण्यात पहिला, बोलण्यात शेवटचा

शाळा होती मार्लबरो कॉलेज, तिथली मोठी बोर्डिंग शाळा. पोरगा उंच, अंगानं सडपातळ. शंभर यार्ड धावण्यात त्यानं शाळेचा विक्रम केला. पियानो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवायचा. मित्रांचा बँड होता. म्हणजे आज सांगतात तसा तो कोपऱ्यात रडत बसणारा पोरगा अजिबात नव्हता.

१९६५ मध्ये त्यानं १३ पौंडांना एक गिटार घेतली आणि बाकीचं सगळं मागं पडलं. १९६७ मध्ये काही महिने तो फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सला होता. तिथं रस्त्यावर गिटार वाजवली. त्याच वर्षी केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायला दाखल झाला.

त्याच्या गिटारची एक गंमत होती. साधारणपणे गिटारच्या सहा तारा ठरलेल्या सुरात लावतात आणि त्याच लावणीवर सगळी गाणी वाजवतात. निक जवळजवळ प्रत्येक गाण्यासाठी तारा वेगळ्या लावायचा. त्यामुळे एका गिटारमधून दोघं वाजवतायत असं वाटायचं. आजही गिटार शिकणारी पोरं त्याच्या लावण्या शोधत बसतात.

हीच गंमत पुढं त्याला महागात पडली. कशी, ते पुढं येईल.

लंडनच्या राऊंडहाऊसमध्ये एका कार्यक्रमात ॲशली हचिंग्जनं त्याला ऐकलं. हचिंग्ज हा फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा बास वाजवणारा. इंग्लंडची जुनी लोकगीतं आणि रॉक एकत्र करून जे फोक-रॉक तयार झालं, त्यात या बँडचं नाव पहिल्या रांगेत होतं. हचिंग्जनं निकचं नाव आपला निर्माता जो बॉइड याला सांगितलं. बॉइड अमेरिकन, वय अवघं पंचविशीचं. त्यानं टेप ऐकली आणि करार केला.

पहिला अल्बम १९६९ मध्ये आला, फाइव्ह लीव्हज लेफ्ट. सिगारेट वळायच्या कागदाच्या पाकिटात शेवटचे पाच कागद उरले की तसं सांगणारी चिठ्ठी निघायची, त्यावरून हे नाव.

या अल्बमच्या वेळी एक किस्सा घडला. वाद्यमेळ बसवायला एक नावाजलेला माणूस आणला होता. निकला ते काम पटलं नाही. एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या या पोरानं सांगितलं की केंब्रिजमध्ये माझा एक मित्र आहे, तो करेल. मित्राचं नाव रॉबर्ट कर्बी, तोही विद्यार्थीच, कुठल्याही रेकॉर्डवर काम न केलेला. बॉइडनं धोका पत्करला आणि कर्बीनं तो खरा करून दाखवला.

अल्बम मात्र फारसा खपला नाही. तरी निकनं पदवीला काही महिने उरले असताना केंब्रिज सोडलं आणि लंडन गाठलं. घरचे काळजीत पडले, पण निकचं ठरलं होतं.

नंतर ऊन पडेल

दुसऱ्या अल्बमच्या वेळी सगळ्यांनी कंबर कसली. या वेळी लोकांपर्यंत पोहोचायचंच.

अल्बमचं नाव ब्रायटर लेटर. इंग्लंडच्या हवामानाच्या बातम्यांत सांगतात ना, सकाळी ढगाळ, नंतर ऊन पडेल, तेच हे शब्द. फक्त स्पेलिंग मुद्दाम जुन्या वळणाचं केलेलं. पहिला अल्बम चालला नव्हता, तरी दुसऱ्याच्या कव्हरवरच आशा लिहिलेली होती.

लंडनच्या चेल्सी भागात, एका जुन्या डेअरीच्या इमारतीत साउंड टेक्निक्स नावाचा स्टुडिओ होता. तिथं जॉन वूड या इंजिनिअरच्या हाताखाली रेकॉर्डिंग झालं. बास आणि ड्रम्सला फेअरपोर्टचे डेव्ह पेग आणि डेव्ह मॅटॅक्स. एका गाण्यात रिचर्ड थॉम्पसनची गिटार. दक्षिण आफ्रिकेचा जॅझ पियानोवादक ख्रिस मॅकग्रेगर. मागे गायला डोरिस ट्रॉय आणि पी. पी. आर्नॉल्ड यांच्यासारख्या दमदार आवाजाच्या गायिका. व्हायोलिनं, ब्रास, बासरी, सॅक्सोफोन असा सगळा थाट.

गाणी कशी? एका गाण्यात मोठ्या शहरात एकटा फिरणारा माणूस आहे. एकात तो मोजत बसतो की आपण आयुष्यात काय काय होऊ शकलो असतो. एकात तो स्वतःच्याच रडगाण्याची टर उडवतो आणि मागच्या गायिका त्याला साथ देत खेचतात. तीन ठिकाणी तर शब्दच नाहीत, नुसती वाद्यं.

आणि एक गाणं आहे नॉर्दर्न स्काय.

त्याचं झालं असं की जॉन केल, म्हणजे अमेरिकेच्या व्हेल्वेट अंडरग्राउंड बँडचा एक संस्थापक, तेव्हा त्याच स्टुडिओत दुसऱ्या कामाला आला होता. त्याच्या कानावर निकच्या टेप पडल्या. त्याला इतकं आवडलं की तो थेट निकला गाठायला गेला. लगेच दोघं स्टुडिओत आले आणि दोन गाणी झाली. त्यातल्या नॉर्दर्न स्कायमध्ये केलनं पियानो, ऑर्गन आणि सेलेस्टा वाजवला. सेलेस्टा म्हणजे छोट्या घंटा वाजल्यासारखा आवाज काढणारं, पेटीसारखं दिसणारं वाद्य.

प्रेमात पडल्यावर तेच जुनं आभाळ नवं कसं दिसतं, एवढंच गाण्यात आहे. कुठलाही आडपडदा नाही. ज्याला लोक दुःखाचा गायक म्हणतात, त्यानं लिहिलेलं हे गाणं आहे.

मग पडलं का?

मार्च १९७१ मध्ये अल्बम आला आणि दुकानात पडून राहिला. कारणं अनेक होती.

पहिलं म्हणजे निक तोपर्यंत स्टेज सोडून बसला होता. प्रत्येक गाण्याआधी तारा नव्यानं लावायच्या, त्यात मिनिटं जायची. दुसरा एखादा गायक त्या वेळात गप्पा मारून, विनोद करून लोकांना धरून ठेवतो. निकला ते जमायचं नाही. हॉलमध्ये चुळबुळ सुरू व्हायची, पब आणि कॉलेजच्या कार्यक्रमांत तर लोक बोलतच राहायचे. जून १९७० मध्ये एका टेक्निकल कॉलेजातल्या कार्यक्रमात तो गाणं अर्धवट टाकून निघून गेला.

दुसरं म्हणजे रेडिओवर वाजेल असं सिंगल काढलंच नाही. नॉर्दर्न स्काय हाताशी असताना ते अल्बमच्या पोटात राहिलं.

तिसरं म्हणजे जो बॉइड. निकच्या बाजूनं भांडणारा हा एकमेव माणूस. तो नेमका याच सुमारास आपली कंपनी आयलँड रेकॉर्ड्सला विकून अमेरिकेला गेला.

निकला हे लागलं. तो शांत होताच, आता मुका झाला. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यानं जॉन वूडला गाठलं आणि दोन रात्रींत तिसरा अल्बम रेकॉर्ड केला, पिंक मून. ना व्हायोलिनं, ना ड्रम्स. गिटार, आवाज आणि एका गाण्यात थोडा पियानो. सगळा मिळून २८ मिनिटांचा. तोही चालला नाही.

निक आईवडिलांकडे परत आला. आयलँडकडून आठवड्याला २० पौंड मिळायचे. १९७२ मध्ये त्याला काही आठवडे हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. डिप्रेशनबद्दल तेव्हा घराघरात बोललं जात नव्हतं, उपचारही आजच्यासारखे नव्हते. (आज आपल्याकडे टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, हे माहीत असू द्या.)

२५ नोव्हेंबर १९७४ च्या पहाटे निक गेला. त्याच्याच औषधांचा डोस जास्त झाला होता. चौकशीत आत्महत्या अशी नोंद झाली. तो अपघातच होता असं मानणारे जवळचे लोक पुढंही होते. वय होतं २६.

अंत्यसंस्काराला पन्नासेक माणसं आली. शाळेतले, फ्रान्सचे, केंब्रिजचे, लंडनचे मित्र. त्यातले कित्येक एकमेकांना पहिल्यांदा भेटत होते. निकनं आपले मित्र कधी एकत्र येऊच दिले नव्हते.

एका अटीनं वाचवलं

गोष्ट इथंच संपली असती. न खपणारी रेकॉर्ड कंपन्या बंद करतात आणि मग ती नावालाही उरत नाही.

पण बॉइडनं कंपनी विकताना एक अट घातली होती. निक ड्रेकचे अल्बम कधीही बाजारातून काढायचे नाहीत. आयलँडनं ती पाळली. खप असो-नसो, रेकॉर्ड दुकानात मिळत राहिल्या.

त्यामुळे कुणीतरी एक घ्यायचा, मित्राला ऐकवायचा, तो पुढच्याला. सत्तरीच्या शेवटी हे चाहते शोधत शोधत टॅनवर्थच्या घरी यायला लागले. रॉडनी आणि मॉली त्यांना घरात घ्यायचे, चहा द्यायचे, पोराच्या घरगुती टेपच्या कॉपी करून द्यायचे. १९७९ मध्ये तिन्ही अल्बमचा संच निघाला. १९८५ मध्ये ड्रीम अकॅडमी या बँडनं आपलं एक गाणं निकला अर्पण केलं आणि ते जगभर गाजलं.

रॉडनी १९८८ मध्ये गेले, मॉली १९९३ मध्ये. १९९९ ची ती जाहिरात बघायला दोघंही नव्हते. जाहिरात लागली आणि अमेरिकेत पिंक मूनचा खप एकदम वाढला. पाठोपाठ २००१ मध्ये द रॉयल टेनेनबॉम्स आणि सेरेनडिपिटी, २००४ मध्ये गार्डन स्टेट अशा सिनेमांत निकची गाणी आली. यातली तिन्ही गाणी कुठली होती? ब्रायटर लेटरमधली. सेरेनडिपिटीत तर नॉर्दर्न स्कायच वाजलं.

आणि मॉलींनी दिवाणखान्यात गायलेली, रॉडनींनी टेप केलेली गाणी? २०१३ मध्ये तीही अल्बम म्हणून बाजारात आली. ऐकल्यावर लगेच कळतं, पोरानं हा सूर कुठून उचलला ते.

मोठेपणीच्या निकचं हलतं चित्रीकरण कुठंच नाही. काही फोटो आणि तीन अल्बम, इतकंच मागं राहिलं. म्हणून मग शेवट कसा झाला यावरूनच त्याला ओळखायची सवय लागली. पण १९७० मधला निक २२ वर्षांचा होता. मित्राच्या वाद्यमेळावर खूश होता, स्वतःवर हसत होता आणि नंतर ऊन पडेल असं नाव अल्बमला देत होता.

ऐकायचं असेल तर तिथूनच सुरू करा. नॉर्दर्न स्काय चार मिनिटांचंही नाही. हेडफोन लावा आणि तो कसा गेला हे तेवढा वेळ विसरून ऐका.