देवळालीच्या मास्तरांचा सतरा आकडी अंक

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, अंक तोच. एकापासून नऊपर्यंत चढतो आणि तसाच उतरतो. नऊ वेळा एक लिहून, म्हणजे १११११११११ लिहून, त्याला त्यानेच गुणले की हा तयार होतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, त्याच ओळीतला हा नववा. दहा एकांचा वर्ग केला की मध्ये हातचा येतो आणि चढउतार बिघडते.

अशा संख्यांना 'डेमलो अंक' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. डेमलो हे मुंबईपासून तीसेक मैलांवरचे रेल्वे स्थानक, आजचे डोंबिवली. ही कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून तेच नाव.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आकडेमोड घरातच होती. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ मध्ये बी.एस्सी. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर.

वर्गाबाहेरचा वेळ संख्यांचा. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, हर्ष देणारी. १८ घ्या: १ आणि ८ मिळून ९, भाग जातो. वरच्या सतरा आकडी अंकाच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग दिला तर १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. म्हणजे डेमलो तर आहेच, हर्षदही आहे.

त्यांची खरी ओळख मात्र ६१७४ ची. एमएच २३ पाटीच्या कोणत्याही गाडीचे चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा ४२३१. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजा करा: ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. पुन्हा तसेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येणार. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचते. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले.

देशातल्या अनेक गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. मोठ्या नियतकालिकांची दारे फारशी उघडली नाहीत. पुष्कळ लेखन त्यांनी स्वतःच पुस्तिका छापून प्रसिद्ध केले. याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना सतत ऐकावा लागला असणार. प्रश्न चुकीचा नव्हता, पण तो विचारणाऱ्यांपैकी कितींनी एकदा तरी वजाबाकी करून पाहिली होती?

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना. १९६६ मध्ये पत्नी गेली. राहणी साधीच होती, तरी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.