दुर्गाबाई खोटे

कुलीन घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणे म्हणजे घराण्याच्या नावाला बट्टा, असे ज्या काळी समजले जाई, त्या काळी दुर्गाबाई खोटे चित्रसृष्टीत आल्या. हौसेने नव्हे, चरितार्थासाठी आल्या.

जन्म मुंबईचा, १४ जानेवारी १९०५ चा. माहेर सुखवस्तू लाडांचे. शिक्षण कॅथेड्रल शाळा व सेंट झेवियर्स महाविद्यालयात. सासरही श्रीमंत, परंतु त्या वैभवाला ओहोटी लागली आणि पदरी दोन मुलगे असलेल्या या गृहिणीवर मिळवते होण्याची वेळ आली. १९३१ मधील ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी छोटीशी भूमिका केली. चित्रपट पडला, वाट्याला आली ती लोकनिंदा.

अशा वेळी व्ही. शांताराम यांनी कोल्हापुरास ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्यांना तारामतीची भूमिका दिली. १९३२ साली झळकलेल्या या पहिल्या मराठी बोलपटाने लोकमत पालटले. कालपर्यंत नाके मुरडणाऱ्यांनीच ही तारामती डोक्यावर घेतली.

पुढे काम नेईल तिकडे त्या गेल्या. कलकत्त्यास देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘राजरानी मीरा’ (१९३३) व ‘सीता’ (१९३४) हे हिंदी चित्रपट केले. दोहोंत पृथ्वीराज कपूर सोबत होते. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. पुन्हा ‘प्रभात’कडे येऊन ‘अमरज्योती’त (१९३६) त्यांनी अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणारी सौदामिनी उभी केली. ‘पायाची दासी’तील खाष्ट सासू, ‘भरत मिलाप’मधील कैकेयी, ‘पृथ्वीवल्लभ’मधील मृणालवती या भूमिका प्रेक्षकांची सहानुभूती मागणाऱ्या नव्हत्या, दुर्गाबाईंनी त्यांना करारी तेज दिले. रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाईही त्यांनी त्याच ताकदीने रंगविली.

नायिकेचे वय सरल्यावर अनेकींची कारकीर्द संपते. दुर्गाबाईंनी आईच्या भूमिकांतही आपला रुबाब राखला. ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई पती आणि पुत्र यांच्यामध्ये सापडलेली आहे, तरी सम्राज्ञीपण सोडत नाही. ‘बिदाई’तील (१९७४) भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक लाभले. १९६८ साली पद्मश्री आणि पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. तरुण मुलाच्या अकाली निधनाचा घाव सोसूनही त्यांनी काम थांबविले नाही. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास त्यांनी सांगितला आहे.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी, १९८८ साली त्यांच्याच निर्मितीसंस्थेची ‘वागळे की दुनिया’ दूरदर्शनवर आली आणि एका मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाचे साधेसुधे जगणे हिंदीतून भारतभर पोहोचले. पोटासाठी मुलूख सोडलेल्या आपणा मंडळींना दुर्गाबाईंचे चरित्र जवळचे वाटते, ते यासाठीच. चरितार्थासाठी परक्या गावी, परक्या भाषेत उभे राहूनही त्यांनी स्वतःचा आब कधी गमावला नाही. उलट, त्यांच्यामागून या व्यवसायात येणाऱ्या मुलींसाठी मानाची वाट मोकळी केली.