स्वतःच्याच दवाखान्यातले मृत्यू मोजणारी नर्स : फ्लोरेन्स नाइटिंगेल

१२ मे आला की नर्सिंग कॉलेजांत पांढऱ्या कपड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन शपथ घेतात. फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. खेड्यातून एएनएम, जीएनएमला गेलेल्या कितीतरी लेकींच्या घरी असा एक फोटो भिंतीवर लावलेला असतो.

ती शपथ फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाते, पण ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी ती तयार केली. हातातला दिवाही चित्रात दाखवतात तसा पणतीसारखा नव्हता. तो तुर्कस्तानात मिळणारा घडीचा कंदील होता. बाईंच्या आयुष्यात दिव्यापेक्षा मोठं काम वहीने केलं, आणि त्या वहीत त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही.

फ्लोरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात. गावाचंच नाव पोरीला ठेवलं. घर इंग्लंडचं, गडगंज श्रीमंत. वडील विल्यम यांनी दोन्ही पोरींना घरीच शिकवलं. थोरलीला अभ्यासाचा कंटाळा, धाकटी फ्लोरेन्स मात्र गणितात रमायची. आकडे, तक्ते, याद्या हा तिचा लहानपणापासूनचा नाद.

वयाच्या पंचविशीत तिने घरात विषय काढला की मला दवाखान्यात जाऊन रुग्णसेवा शिकायची आहे. घरात रडारड झाली. त्या काळात इंग्लंडात दवाखान्यात काम करणाऱ्या बायांचं नाव फार खराब होतं. दारू पिणाऱ्या, पेशंटकडून पैसे उकळणाऱ्या, असंच लोक समजायचे. सगळ्या तशा नसणार, पण नाव तसं पडलं होतं खरं. चांगल्या घरची पोरगी तिथे जाणार म्हणजे घराण्याची अब्रू गेली. चांगलं स्थळ चालून आलं होतं, तेही फ्लोरेन्सने नाकारलं. अखेर १८५१ साली जर्मनीतल्या कैझरस्वर्थ इथल्या संस्थेत तीन महिने शिकायला मिळालं. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या बायकांच्या एका लहान दवाखान्याची जबाबदारी मिळाली. तिथे त्यांनी पहिला आग्रह धरला तो असा, की आजारी बाई कुठल्या का धर्माची असेना, तिला दाखल करायचं. चालकांना ते पचायला जड गेलं, पण बाई मागे हटल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान विरुद्ध रशिया अशी क्रिमियाची लढाई पेटली. जखमी सैनिक जहाजाने काळा समुद्र ओलांडून स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूल शहराच्या एका भागात आणले जात. तिथल्या हालाच्या बातम्या लंडनच्या पेपरात आल्या आणि सरकार हादरलं. मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी बाईंना ३८ नर्स देऊन पाठवलं. ४ नोव्हेंबर १८५४ ला त्या पोहोचल्या.

पुढचं चित्र बहुतेकांना ठाऊक आहे. रात्री कंदील घेऊन वॉर्डात फिरणं, मेलेल्या सैनिकाच्या घरी स्वतः पत्र लिहिणं. सैनिक आपला पगार गावी पाठवायला बाईंच्या हवाली करायचे. ज्या पेशाचं नाव चोरीसाठी बदनाम, त्याच पेशातल्या बाईकडे माणसं विश्वासाने पैसे सोपवू लागली. आल्या आल्या त्यांनी एक शिस्तही पाळली. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय एकही नर्स पेशंटला हात लावणार नाही. आणि जी नर्स दारू प्यायलेली सापडली, तिला परतीच्या जहाजात बसवलं.

आता ज्या भागाकडे कौतुकाच्या नादात दुर्लक्ष होतं तो. बाई तिथे असतानाच त्या दवाखान्यात माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती. १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ च्या घरात गेलं. बंदुकीच्या गोळीने मेलेले थोडे, हगवण, कॉलरा आणि तापाने गेलेले कितीतरी जास्त. इमारतीखाली तुंबलेली गटारं होती. मार्चमध्ये सरकारने पाठवलेलं स्वच्छता पथक आलं. त्यांनी गटारं उपसली, खिडक्या उघडल्या, पाणी जिथून येत होतं तिथे तर मेलेलं घोडं सापडलं. जूनपर्यंत मृत्यू शेकडा २ वर आले.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये बाई मायदेशी परतल्या. सगळा देश स्वागताला तयार होता, पण त्या मिस स्मिथ अशा खोट्या नावाने गुपचूप आल्या. तोवर त्यांनी बरंचसं खापर अन्न, कपडे, औषधं वेळेवर न पोहोचवणाऱ्या खात्यावर फोडलं होतं. मग त्या विल्यम फार यांच्यासोबत हिशेबाला बसल्या. फार हे शेतमजुराचं पोर, स्वतःच्या हुशारीने शिकून सरकारच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात आकड्यांचे जाणकार झालेले. दोघांनी दवाखानानिहाय मृत्यू मांडले. निघालं काय? लढाईच्या तोंडावरच्या साध्या दवाखान्यांपेक्षा स्कुटारीत जास्त माणसं मेली होती. ज्या दवाखान्याने बाईंना जगभर नाव दिलं, तोच सगळ्यात वाईट निघाला.

इथे गप्प बसणं किती सोपं होतं बघा. जनता डोक्यावर घेऊन नाचत होती, राणीने भेटीला बोलावलं होतं. कुणी विचारणारं नव्हतं. बाईंनी ते आकडे अहवालात घातले. सरकारने तो मोठा अहवाल लोकांपुढे आणला नाही, तेव्हा त्यांनी छापलेल्या प्रती स्वतःच महत्त्वाच्या माणसांकडे पाठवल्या. आकडे पुढाऱ्यांच्या डोक्यात शिरत नाहीत हे ओळखून रंगीत गोल चित्रं काढली. प्रत्येक महिन्याची एक फोड. टाळता येण्याजोग्या रोगाने मेलेले निळ्या रंगात, जखमांनी मेलेले लाल, बाकीचे काळ्या. नुसतं बघितलं तरी निळा रंग अंगावर येतो. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद केलं. तिथे त्या पहिल्याच बाई.

१८५९ च्या अखेरीस त्यांचं शुश्रूषेवरचं पुस्तक आलं. घरात आजारी माणसाचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी लिहिलेलं. त्यातला एक मुद्दा आजच्या कुठल्याही वॉर्डात लागू पडेल. पेशंटला रात्री झोप बरी लागली का, असं विचारू नये, कारण बरी म्हणजे प्रत्येकाची वेगळी. एक म्हणेल दोन तास लागली म्हणजे बरी, दुसरा म्हणेल सहा तासच लागली म्हणजे वाईट. किती तास झोपला आणि कोणत्या वेळेला, हे विचारायचं. जे डोळ्याने पाहिलं ते सांगायचं, वाटलं ते पाहिलं म्हणून सांगायचं नाही. पेशंटची माहिती ज्याला विचारायचा हक्क आहे त्यालाच द्यायची, चावडीवर न्यायची नाही. आणि मरणाच्या दारातल्या माणसाला उगाच, काही होत नाही हो तुम्हाला, असं बडबडून खोटा धीर द्यायचा नाही, त्याने पेशंट आणखी एकटा पडतो. आपल्याकडे तर भेटायला येणारा प्रत्येक पाव्हणा हेच करतो.

लढाईच्या काळात लोकांनी बाईंच्या नावाने ४४ हजार पौंडांच्या वर निधी जमवला होता. सैनिकांनी आपला एक दिवसाचा पगार दिला होता. त्यातून जुलै १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा सुरू झाली. शिक्षण एक वर्षाचं. राहणं, खाणं, गणवेश फुकट, वर वर्षाचे १० पौंड. प्रत्येक मुलीचा दर महिन्याला तक्ता भरला जाई. त्यात मलमपट्टी, बँडेज, अंथरूण घालणं, पेशंटचं जेवण, निरीक्षण असे रकाने होतेच. पण वेळ पाळणं, शांतपणा, टापटीप आणि विश्वासूपणा यांचेही रकाने होते. उत्तम, चांगलं, मध्यम, अपुरं, नाहीतर शून्य, असा शेरा पडायचा. हाताला काम येतं पण शब्दावर भरवसा नाही, अशी मुलगी त्या शाळेच्या हिशेबात पूर्ण नर्स ठरत नव्हती.

शाळेचं नाव झालं, पण आत सगळं आलबेल नव्हतं. १८७२ च्या सुमारास बाईंनी लक्ष घातलं तेव्हा कळलं की शिकवण्याचे तास नीट होत नाहीत. आपल्याच नावाची शाळा, आपल्याच निधीतून चाललेली. झाकायला कारणं भरपूर होती. बाई तोवर आजारपणामुळे बहुतेक वेळ खोलीत अंथरुणावर असायच्या. तिथे एकेका मुलीला बोलावून काय शिकलीस ते विचारू लागल्या, मुलींच्या डायऱ्या वाचू लागल्या. शिकवणारा डॉक्टर बदलला गेला. त्याच वर्षापासून त्या मुलींना दरवर्षी एक पत्र लिहू लागल्या, ते बरीच वर्षं चाललं.

त्याआधीचा एक प्रसंग तर फार कमी लोकांना माहीत आहे. निधीतल्याच पैशातून त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात सुईणी तयार करण्याचा वॉर्ड काढला होता. खेड्यातल्या बायकांना शिकवायचं आणि परत गावी पाठवायचं, अशी कल्पना. कल्पना सोन्यासारखी. पण वॉर्डात सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीचा जीवघेणा ताप शिरला आणि बाया दगावू लागल्या. १८६७ साली वॉर्ड बंद केला. बंद करून विषय मिटवला असता तरी चाललं असतं. बाईंनी ठिकठिकाणचे बाळंतपणाचे आकडे गोळा केले आणि १८७१ साली पुस्तक छापलं. त्यातून निघालं ते असं की त्या काळात गरिबाच्या झोपडीत बाळंत होणारी बाई मोठ्या दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईपेक्षा सुरक्षित होती. आज तसं नाही. आज दवाखान्यातच बाळंतपण करावं, हे कुणीही सांगेल. पण तेव्हाचं सत्य ते होतं, आणि ते सांगताना आपला वॉर्ड आधी मांडावा लागला.

बाई चुकल्याच नाहीत असं नाही. १८६३ च्या पुस्तकात त्यांनी फार यांचा एक तक्ता छापला. त्यात लंडनच्या २४ दवाखान्यांत शेकडा ९० मृत्यू दिसत होते. हिशेबातली गोम अशी, की वर्षभराच्या मृत्यूंना एका दिवशी खाटेवर असलेल्या पेशंटच्या संख्येने भागलं होतं. वर्षभर एसटीने किती माणसं गेली ते सोडून फक्त गाडीतल्या सीटा मोजाव्यात, तसं झालं. डॉक्टरांनी कडाडून टीका केली आणि ती रास्तच होती. नर्सची सरकारी नोंदणी आणि परीक्षा यालाही त्यांचा शेवटपर्यंत विरोध. माणसाचा चांगुलपणा परीक्षेत मोजता येत नाही, हे म्हणणं बरोबर, पण नोंदणीच नसेल तर खेड्यातल्या माणसाने खरी नर्स आणि बोगस नर्स ओळखायची कशी? इंग्लंडात नोंदणीचा कायदा १९१९ साली झाला, त्यांच्या मृत्यूनंतर.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला, तोही आकड्यांतूनच. त्या कधीच भारतात आल्या नाहीत. पण १८५९ नंतर इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्नावली पाठवून त्यांनी माहिती मागवली. १८६३ च्या अहवालात दिसलं की इथे गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मरतात, आणि कारण पुन्हा तेच, घाण पाणी आणि गटार. पुढे त्यांचं लक्ष छावणीवरून खेड्याकडे वळलं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर त्यांनी रयतेचं कर्ज, सावकारी आणि पाटाचं पाणी यावर लिहिलं. खेड्यातल्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली, लिहिणं थांबलं. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळाला, हा मिळालेल्याही त्या पहिल्याच बाई. १३ ऑगस्ट १९१० ला लंडनमध्ये वयाच्या ९० व्या वर्षी त्या गेल्या. राजेराण्यांच्या शेजारी, वेस्टमिन्स्टर ॲबेत जागा देऊ केली होती, घरच्यांनी नको म्हणून सांगितलं. ईस्ट वेलो नावाच्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ त्यांना पुरलं. दगडावर त्यांचं पूर्ण नावसुद्धा नाही. एफ. एन. ही दोन अक्षरं, आणि जन्ममृत्यूची नोंद.