मार्सेलिसच्या धक्क्यावरचा परका

विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेलिसच्या समुद्रात घेतलेली उडी मराठी माणसाला पाठ आहे. तिच्यावर पोवाडे झाले, शाळांच्या संमेलनांत ती कितीदा तरी मारून झाली. पण उडीनंतर अवघ्या काही मिनिटांत धक्क्यावर काय घडले आणि त्याचा निवाडा कसा लागला, ही हकीकत मात्र मागेच राहिली. एखादा माणूस कोणत्या देशाचा प्रजाजन आहे, यावर त्याचे आयुष्य कसे टांगलेले असते, हे तिच्याइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

२८ मे १८८३ रोजी भगूरला जन्म. १८९९ मध्ये प्लेगने वडील गेले आणि भावंडे नाशिकला आली. तिळभांडेश्वर गल्लीत मित्रमेळा जमला. १९०४ मध्ये त्याचे अभिनव भारत झाले. १९०६ साली सावरकर बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. मागे पत्नी यमुनाबाई होत्या, लहानगा प्रभाकर होता. ते लंडनमध्ये असतानाच तो देवीने गेला. जून १९०९ मध्ये थोरले बंधू बाबाराव यांना कवितांच्या प्रकाशनावरून जन्मठेप झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. लंडनहून गुप्तपणे आलेल्या पिस्तुलांचा माग सावरकरांपर्यंत पोचला. ते पॅरिसला गेले होते. तिथून परतताच १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली.

इथे कायद्याची मेख आहे. युरोपातल्या कितीतरी परागंदा क्रांतिकारकांना इंग्लंडने आसरा दिला होता. राजकीय गुन्ह्यासाठी परदेशी माणसाला त्याच्या सरकारच्या हवाली करायचे नाही, असा प्रघात होता. पण सावरकर परदेशी कुठे होते? ते त्याच बादशहाचे प्रजाजन. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवण्यासाठी १८८१ चा वेगळा कायदा होता आणि त्यात राजकीय गुन्ह्याला सवलत नव्हती. रशियाचा किंवा इटलीचा माणूस लंडनमध्ये ज्या आधारावर सुटला असता, त्याच आधारावर नाशिकचा माणूस सुटू शकत नव्हता.

मोरिया बोट मार्सेलिसला लागली. ८ जुलै १९१०च्या सकाळी शौचकूपाच्या गोल खिडकीतून सावरकर समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्यावर गेले. ही निव्वळ पळून जाण्याची धडपड नव्हती, बॅरिस्टरी शिकलेल्या माणसाचा हिशोब त्यात होता. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल पडताच ते परके होणार होते, आणि परकेपणाच त्यांचे संरक्षण करणार होता. परंतु मागून पहारेकरी ओरडत आले. एका फ्रेंच शिपायाने पळणाऱ्याला पकडले आणि पहारेकऱ्यांसह बोटीवर नेऊन पोचवले. दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे नाही, चौकशी नाही. मादाम कामा आणि सहकारी मोटार घेऊन येत होते, त्यांना थोडा उशीर झाला, असे सांगतात.

फ्रान्समध्ये गदारोळ उठला. समाजवादी नेते जाँ जोरेस यांच्या ल्युमानिते या पत्राने आणि कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी प्रश्न लावून धरला. फ्रेंच सरकारने सावरकरांना परत मागितले, ब्रिटनने नकार दिला. २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या लवादाकडे सोपवला. पण निकालासाठी मुंबईतला खटला थांबला नाही. डिसेंबरात एक जन्मठेप झाली, जानेवारीत दुसरी. पन्नास वर्षे.

२४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच पंचांनी निकाल दिला. बोटीवर कैदी असल्याची सूचना फ्रेंच पोलिसांना आधीच होती; ब्रिटिशांनी फसवणूक वा बळजबरी केली नव्हती; शिपायाने कैदी हवाली केला यात अनियमितता झाली खरी, पण तेवढ्याने त्याला परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. मी उभी हयात बँकेत काढली. चुकीच्या खात्यात रक्कम जमा झाली तर ती परत फिरवावी लागते. कारकुनाचा हेतू प्रामाणिक होता, एवढे म्हणून भागत नाही. इथे चूक मान्य झाली, पण नोंद फिरली नाही.

त्याहून खटकते ते दुसरेच. त्या खटल्यात पक्षकार दोन सरकारे होती. ज्याच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा, तो वादाचा विषय होता, वादी नव्हता. राजदूत परदेशी गेला की त्याचे सरकार त्याच्या पाठीशी असते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने त्याच्या बायकामुलांनाही ते कवच दिले आहे. सावरकरांच्या पाठीशी सरकार नव्हते. सरकारच त्यांच्या पाठीमागे लागले होते. अशा माणसाला छळाच्या भूमीत परत ढकलू नये, हा नियम १९५१ च्या निर्वासित करारात आला. त्यावर भारताने अजून सही केलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

१९११ च्या जुलैत सावरकर अंदमानला पोचले. बाबाराव तिथे आधीपासूनच होते. पुढे दयेचे अर्ज, रत्नागिरीची स्थानबद्धता, हिंदुत्वाचे राजकारण, गांधीहत्येच्या खटल्यातील आरोप आणि १९४९ मधली निर्दोष मुक्तता. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मृत्यू. या उत्तरायुष्यावर महाराष्ट्रात आजही टोकाचे मतभेद आहेत आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत. जॅक्सनची हत्याही डोळ्यांआड करण्याजोगी नाही. परंतु ज्याच्याविषयी आपले एकमत नाही, त्यालाही दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहून आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार असतो. धक्क्यावरच्या त्या सकाळी तो नाकारला गेला. सीमेवर कागदाविना उभ्या असलेल्या कुणाचीही बातमी वाचताना नाशिककराला तरी ती सकाळ आठवावी.