मजुरांचे कैवारी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस बारामती आणि इंदापूर हे तालुके आहेत. पाऊस तेथे बेताचाच. परंतु नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी जेथवर पोहोचले, तेथवर उसाचे मळे उभे राहिले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे साखर कारखानाही निघाला. कारखान्यातील कामगाराचे नाव निदान हजेरीपत्रकावर असे. मळ्यात खुरपणी करणाऱ्या मजुराचे नाव कोठेच नसे. सकाळी मालक जी मजुरी सांगेल, तीच त्याची मजुरी! अशा असंघटित मजुरांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जे कार्य केले, ते त्यांच्या इतर थोर कार्यांच्या मानाने फारसे सांगितले जात नाही.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. त्यांच्या बालपणी वडील रामजी हे सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे, म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. हजारो माणसे त्यावर राबत होती. भुकेला मनुष्य मजुरीची घासाघीस ती काय करणार? पुढे कोलंबिया व लंडन येथे अर्थशास्त्राचे सखोल अध्ययन करून आल्यावरही बाबासाहेबांचे बिऱ्हाड कित्येक वर्षे परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारीच होते. 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला.

जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले. सरकार, मालक आणि मजूर यांच्या प्रतिनिधींना त्यांनी एकत्र बसविले. किमान वेतनाचा प्रश्न त्या बैठकांत वारंवार चर्चिला गेला आणि एप्रिल 1946 मध्ये त्यांनी तद्विषयक विधेयक मध्यवर्ती विधिमंडळापुढे ठेवले. त्याच वर्षी त्यांचे ते पद संपले. स्वतंत्र भारतात, जगजीवनराम मजूरमंत्री असताना, 15 मार्च 1948 पासून किमान वेतनाचा कायदा अमलात आला. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते.

दर ठरवून कागदावर ठेवला तर मजुराच्या हाती काय पडणार? म्हणून या कायद्याने मालकास नोंदवही ठेवण्यास भाग पाडले आणि ती तपासण्यास निरीक्षक नेमण्याची सोय केली. मजुरी कमी दिली, तर राहिलेली रक्कम द्यावी लागे. शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईही होऊ शके. दरांचा फेरविचार पाच वर्षांच्या आत करावयाचा होता. परंतु सर्वांत मार्मिक कलम निराळेच होते. मजुराने ठरलेल्या दराहून कमी मजुरी आपण होऊन कबूल केली, तरी तो करार रद्दबातल ठरे! गरजवंताची संमती ही खरी संमती नव्हे, हे कायद्याने ओळखले होते.

कायद्याच्या परिशिष्टाचे दोन भाग होते. विडीकाम, कातडी कमावणे, खडी फोडणे, रस्तेबांधणी असे उद्योग पहिल्या भागात होते. दुसऱ्या भागात शेती होती. गिरणीच्या फाटकाशी जाऊन वही तपासणे सोपे. दूरवर पसरलेल्या बांधाबांधावर जाऊन मजुराला त्याची मजुरी विचारणे अवघड. त्यामुळे शेतमजुरापर्यंत हा कायदा फार सावकाश पोहोचला.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे दिल्ली येथे निधन झाले. पुढे 2019 च्या वेतन संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. ठरलेल्या दराहून कमी मजुरी देण्यास मालकाला असलेली मनाई तीतही कायम राहिली.